नमुन्याची वीत

ताराचंद सोनकुसरेच्या शर्टाला सात गुंड्या होत्या आणि गेल्या चौदा दिवसांत त्यातली एकही त्यानं स्वतः लावली नव्हती. लावायची ती प्रेमिला, त्याची बायको. तांडापेठेतल्या दोन खोल्यांचं दार ती सकाळी लोटून घ्यायची, जणू घरात चोरीचा माल आहे, आणि खालून वर एकेक गुंडी लावत यायची. गळ्याशी आली की तोंड फिरवायची, डोळ्यातलं पाणी त्याला दिसू नये म्हणून. त्याला दिसायचंच. चौतीस वर्षांच्या संसारात नवरा-बायकोचं काय लपतं, कप्पाळ!

त्या दिवशी तिचा हात चौथ्या गुंडीवर थांबला.

"आज विचारतीन ना मंग तुमाले?"

"दरवेळी विचारते. आज काय नवं हाय?"

"आज अठ्ठाविसावा दिवस हाय म्हून म्हणते."

"लाव वं तू गुंडी," ताराचंद म्हणाला. "ऑटोवाला ताटकळून राहिला खाली."

आता हे अठ्ठावीस दिवस कसले, ते सांगायला हवं. ताराचंदला मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता आणि तो लिव्हरपर्यंत पोचला होता. दोन प्रकारची किमो झाली. पहिलीनं सहा महिने दिले, दुसरीनं नुसते केस नेले. मग डॉक्टर अरुंधतीबाईंनी दोघांना समोर बसवलं. बाई स्पष्ट बोलणारी, उगाच गूळ लावणारी नव्हे. म्हणाली, एक नवी गोळी आहे, माणसांवर अजून फारशी वापरलेली नाही. "याचा तुम्हाला फायदा होईल असं मी सांगणार नाही. बहुतेक होणार नाही. ही गोळी माणसाला किती सोसते, एवढंच आम्ही सध्या शोधतोय. एका डोसवर तीन माणसं घेतो, त्यांच्यावर अठ्ठावीस दिवस लक्ष ठेवतो. तिघांनाही सोसली तर पुढच्या तिघांना वाढीव डोस. तुम्ही या डोसवरचे तिसरे."

बरोबरच्या कागदांत हे सगळं मराठीत छापलेलं होतं. पानं बावीस. ताराचंदनं घरी नेऊन चष्मा लावून ती वाचली आणि त्याला ते फार लवकर कळलं. कारण आजारापर्यंत तो इतवारीतल्या कापडाच्या दुकानात थान मोजत असला, तरी लहानपणापासून काही तेच करत नव्हता. माग विकेपर्यंत, वयाच्या चाळिशीपर्यंत, त्यानं करवतकाठी लुगडी विणली होती. मागावर नवा ताणा चढवला की कोणताही शहाणा विणकर लगेच लुगड्याला हात घालत नाही. आधी वीतभर विणून पाहतो. दोरा कुठं तुटतो, काठ कुठं ओढतो, रंग कुठं फसतो, ते त्या वितीत दिसतं. ते दुरुस्त करायचं, वीत सोडून द्यायची आणि मग खरं लुगडं सुरू करायचं.

"म्हणजे मी नमुन्याची वीत," तो त्या संध्याकाळी प्रेमिलाला म्हणाला.

"म्हणजे कापून फेकायची," प्रेमिला म्हणाली आणि दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

तरी त्यानं सही केली. घरी बसून तरी काय करणार होता? भिंतीवरच्या पाली मोजणार?

आणि मग गंमत झाली. दहाव्या दिवशी त्याला भूक लागली! सहा महिने ज्याच्या नरड्याखाली पेजेपलीकडं काही उतरत नव्हतं, त्या माणसानं सकाळी सकाळी बायकोला विचारलं, "पाटोडीचा रस्सा करते का वं?" प्रेमिलाच्या हातातला डबा सुटला. तिनं घाईघाईनं बेसन काढलं, सावजी मसाला जपून जपून घातला, चमचाभरच. ताराचंदनं दोन वाट्या खाल्ल्या, नाकातून पाणी आलं, आणि तो बसल्या जागी हसत सुटला. डॉक्टरीणबाई काही म्हणो, गोळी लागू पडली, हे त्या दोघांनी त्या रस्स्यावरच ठरवून टाकलं.

अकराव्या दिवशी बोटांना मुंग्या आल्या. थंडीचे दिवस, म्हणून आधी त्यानं ते थंडीवर ढकललं. पण दुपारी उन्हात बसूनही त्या गेल्या नाहीत. तेराव्या दिवशी चहाचा कप हातातून निसटला आणि पडल्याचं कळलं ते आवाजावरून. त्यानंतर गुंड्या गेल्या. गुंडी दिसायची, बोटं दिसायची, पण बोटात गुंडी आहे की हवा, हे काही कळायचं नाही. एके काळी केसाएवढा रेशमाचा धागा अंधारात सांधणारी बोटं ती!

दवाखान्यानं एक डायरी दिली होती. गोळी किती वाजता घेतली, जेवण कधी केलं, काही त्रास झाला का, रोज लिहायचं. ताराचंद पेन मुठीत धरून त्रासाच्या रकान्यात रोज लिहायचा, 'नाही'.

प्रेमिलानं पहिल्याच भेटीत त्या मुग्धाला विचारून ठेवलं होतं ना, जास्त त्रास झाला तर काय म्हणून. मुग्धा म्हणजे या अभ्यासाचं सगळं काम पाहणारी पोरगी, डायरी तपासणारी, गोळ्यांची बाटली देणारी. ती म्हणाली होती, "मग गोळी थांबवावी लागते, काकू." बस्स. तेवढंच वाक्य दोघांनी पदरात बांधून घरी आणलं होतं.

शिवाय ताराचंदची जुनी खोड. विणकर सोसायटीचा तपासनीस लुगडं खिडकीशी उजेडात धरायचा आणि गाठ दिसली की बाजूला टाकायचा. त्यामुळं तुटलेला दोरा कसा सांधावा, थुंकी लावून गाठ कशी चोळावी, ती काठाच्या आत कशी घालावी, यात ताराचंदचा हात धरणारा साऱ्या तांडापेठेत कोणी नव्हता. त्याच्या लुगड्यात गाठ कधी सापडली नाही. गाठी नव्हत्या असं नाही हो, सापडल्या नाहीत. आता तपासनिसाच्या जागी मुग्धा बसली होती एवढाच काय तो फरक. निर्दोष माल दाखवला की आपला माग चालू राहतो, हे त्याच्या हाडात भिनलेलं होतं.

तर त्या अठ्ठाविसाव्या दिवशी मुग्धानं रक्त काढवून घेतलं, वजन केलं, आणि समोर बसून नेहमीचे प्रश्न सुरू केले. उलटी? नाही. जुलाब? नाही. तोंडात फोड? नाही.

"हातापायांना मुंग्या, बधिरपणा?"

"नाही जी."

"गुंड्या लावणं, पेन धरणं, घास उचलणं, सगळं स्वतः करता ना काका?"

ताराचंदनं स्वतःच्या छातीकडं पाहिलं. सातही गुंड्या कशा ओळीत होत्या. "पाहा ना तुमीच," तो म्हणाला.

मुग्धा हसली आणि तिनं कागदावर बरोबरची खूण केली. प्रेमिला खिडकीबाहेर पाहत होती. अर्ध्या तासानं पुढच्या अठ्ठावीस दिवसांची बाटली मिळाली. प्रेमिलानं ती पिशवीत घातली, पिशवी पदराखाली धरली आणि दोघं बाहेरच्या बाकड्यावर येऊन टेकले, ऑटोवाल्याला फोन लावायला.

बाकड्यावर आधीच एक बाई बसली होती. साठीची, काळीसावळी, किडकिडीत, पण आवाज असा की अख्ख्या व्हरांड्यानं ऐकावं. शेजारी तिची मुलगी मोबाइलमध्ये डोकं घालून.

"जय भीम भाऊ," ती बाई म्हणाली. "तुमी बी गोळीवालेच का?"

"हाव," ताराचंद म्हणाला.

"मी गोदूबाई. भिवापूरची. अन् ही काजल, माही पोरगी." मग न विचारताच तिनं सगळं सांगून टाकलं. जठराचा कॅन्सर. ऑपरेशन होत नाही म्हणाले. मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवायच्या खळ्यावर, देठ तोडायचं काम करायची, तीस वर्षं केलं. "एका दिवसात माह्याएवढी मिरची साऱ्या भिवापुरात कोनी तोडत नव्हतं. बोटं पाहा." तिनं बोटं पुढं केली. टोकं लालसर, कातडी जाड, पण हालचाल काय! बोलता बोलता पदराच्या दशा पिळत होती, एकेक, न पाहता.

"अजून सुरू नाही झाली तुमची गोळी?" प्रेमिलानं विचारलं.

"सोमवारी होईन म्हणते ते मॅडम. माह्या सगळ्या तपासण्या झाल्या. पन आमाले वाढीव डोज हाय ना. आधीच्या तिघांतल्या दोघांचं ठीक हाय, तिसऱ्याचे अठ्ठावीस दिवस आज पुरे होऊन राहिले म्हणे. त्याले काही झालं नसन, तं वरच्या लोकांचा हुकूम येते अन् सोमवारी मी." गोदूबाईनं हात जोडून कपाळाला लावले. "कोन हाय तो माणूस मले नाही मालूम, सांगत नाहीत. पन भलं होवो बापा त्याचं. त्याच्याच भरवशावर हावो मी."

ताराचंद तिच्या जोडलेल्या बोटांकडं पाहत राहिला. फोन कानाला लावलेला, तिकडून ऑटोवाला हॅलो हॅलो करत होता.

"पाचच मिनिटात येतो म्हणते," प्रेमिला फोन ओढून घेत म्हणाली. तिला सगळं समजलं होतं. तिनं त्याचं कोपर धरलं आणि त्याला जवळजवळ ओढतच गेटकडं चालवलं. गेटाशी संत्रीवाल्याची गाडी होती, तिच्याआड ती थांबली.

"काही बोलू नका," ती म्हणाली. "मले माहीत हाय तुमच्या डोक्यात काय चालू हाय. मी हात जोडते."

"तिले वाढीव देतीन वं. माह्यापेक्षा जास्त."

"देऊ द्या. दवाखाना हाय, डॉक्टर हायेत, पाहतीन ते. सारं तुमच्याच मुंडक्यावर हाय का?"

"माह्या डायरीवर हाय."

"अन् माहं काय?" प्रेमिलाचा आवाज फाटला. संत्रीवाल्यानं मान वळवली. "तुमी पाटोडी खाल्ली त्या दिवशी मी देवापुढं अर्धा तास रडली. आता ते बाटलीबी परत देऊन येता? मले तुमी पाहिजे. ती बाई कोन आपली?"

खरं तर ताराचंदलाही जगायचंच होतं, त्यात लाजायचं काय? त्याला त्या बाटलीची हाव होती. दिवसातून चार वेळा पोट चाचपून तो मनाशी म्हणायचा, गाठ लहान झाली, झाली. सोमवारी गोदूबाईला काही होईलच असंही नव्हतं. कदाचित तिला सोसलीही असती. असल्या 'कदाचित'वर माणूस मोठमोठे डोंगर चढून जातो.

पण डोळ्यासमोरून ती बोटं हलेनात, दशा पिळणारी. आणि त्यांच्या मागून एक गोष्ट आली, इतकी साधी, की आपल्या डोक्यात ती अठ्ठावीस दिवस आली कशी नाही, याचाच त्याला संताप आला.

"प्रेमिला," तो म्हणाला, "मी गाढव हावो."

"आता काय झालं?"

"लुगड्यातली गाठ लपवतात वं. नमुन्याच्या वितीतली कोन लपवते? ती वीत असतेच गाठी पाहासाठी! तिच्यातली गाठ लपवली तं पुढचं सारं लुगडं वाया जाते. माहा बाप असता तं धोट्यानं हाणलं असतं मले."

ऑटो आला, हॉर्न वाजवू लागला.

"मले भेव वाटते वं," ताराचंद म्हणाला. "तू चाल संगं."

प्रेमिला पदरानं तोंड पुसून त्याच्याबरोबर परत आत निघाली. पण पिशवी तिनं अजून घट्टच धरली होती.

मुग्धा कॉम्प्युटरवर काही भरत होती. तिनं वर पाहिलं. "काका, काही राहिलं का?"

ताराचंदनं शर्टाच्या वरच्या गुंड्या दोन्ही बाजूंनी धरून ओढल्या. तीन निघाल्या, चौथी तुटून टेबलाखाली गेली. "आता लावतो," तो म्हणाला. "पाहा."

त्यानं उजव्या हातानं गुंडी धरली, म्हणजे धरली असं त्याला वाटलं. काजाजवळ नेली. निसटली. पुन्हा धरली. जीभ दातांत आली, कपाळावर घाम आला, भर थंडीत. मुग्धा अर्धवट उठली, पुन्हा बसली. तिनं घड्याळाकडं पाहिलं आणि मध्ये बोलली नाही, हे तिचं शहाणपण. भिंतीवरचा सेकंदकाटा तीनदा फिरला तरी एक गुंडी लागली नाही. शेवटी ताराचंदनं दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"चौदा दिवस झाले," तो म्हणाला. "हे लावून देते रोज. डायरीत मी खोटं लिवलं."

डॉक्टर अरुंधतीबाई आल्या. त्यांनी पिन टोचून पाहिली, कापूस फिरवून पाहिला, डोळे मिटायला लावून हातात नाणं दिलं आणि काय आहे विचारलं. त्याला सांगता आलं नाही. बाईंचा चेहरा लाल झाला होता.

"काका, सोमवारी आम्ही दुसऱ्या माणसाला याच्याहून जास्त देणार होतो," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कल्पना आहे?"

"हाय. म्हणून तं आलो."

"मग इतके दिवस का लपवलंत?"

"मले वाटलं, माल चांगला दिसला तं ठेवतीन."

बाई खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या. मग हळू आवाजात सांगितलं की गोळी आजपासून बंद. हात सुधारले तर कमी डोसवर पुन्हा देता येईल का, ते बाई वरच्या लोकांना विचारतील, पण शब्द देणार नाहीत. हातांवर उपचार इथंच होतील, दर आठवड्याला यायचं. "दोष आमच्याकडंही आहे. मी नुसतं विचारायला सांगितलं. करून दाखवायला सांगायला हवं होतं. आजपासून सगळ्यांना करून दाखवायला सांगू."

प्रेमिलानं पिशवीतून बाटली काढली. टेबलावर ठेवताना तिचा हात बाटलीवर जरा जास्तच वेळ राहिला. मुग्धानं ती सावकाश आपल्याकडं घेतली. मग खाली वाकून तुटलेली गुंडी शोधली आणि प्रेमिलाच्या हातात दिली.

बाहेर गोदूबाईला तोवर कळलं होतं की कोणाच्या तरी बोटांना मुंग्या आल्या म्हणून सोमवार रद्द. व्हरांडा तिच्या आवाजानं भरला होता.

"कोन तो मेला? त्याच्या बोटाले आत्ताच मुंग्या याच्या होत्या का? आठ दिवस थांबला असता तं काय मेला असता? माहा नंबर खाल्ला भडव्यानं!"

"आई, हळू बोल," काजल म्हणत होती.

प्रेमिला ताडकन थांबली. तोंड उघडलं. ताराचंदनं मान हलवली, नको. दोघं तिच्यासमोरून गेले. ताराचंदचा शर्ट गळ्याशी उघडा होता आणि थंडी वाजत होती.

पुढचे पंधरा दिवस काही चांगले गेले नाहीत. बोटं तशीच राहिली. भूक जशी आली होती तशीच गेली. एकदा प्रेमिलानं पाटोडी केली, त्यानं तिचं मन राखायला एक खाल्ली आणि ताट सरकवलं. रात्रीचं पोटात दुखायला लागलं. आपण केलं ते बरोबर केलं, असं त्याला सकाळी वाटायचं. दुपारी वाटायचं नाही.

तिसऱ्या आठवड्यात हातांच्या तपासणीला गेले तर त्याच बाकड्यावर गोदूबाई. या वेळी समोर कागद, बाजूला मुग्धा, आणि गोदूबाईला वाचता येत नाही म्हणून दवाखान्याबाहेरचा एक साक्षीदार, चष्मेवाले गृहस्थ. एकाला त्रास झाला म्हणून डोस वाढवायच्या आधी त्याच डोसवर आणखी तिघांना पाहायचं ठरलं होतं; तिला आता वाढीव नाही, ताराचंदचाच डोस मिळणार होता. आतल्या खोलीत रंगकाम चालू होतं म्हणून सगळे बाहेरच बसले होते. काजल मोठ्यानं वाचत होती. ताराचंद आणि प्रेमिला दुसऱ्या टोकाला टेकले.

"हे पान नवं आहे," मुग्धा म्हणाली. "हे नीट ऐका."

काजल वाचू लागली. "'या डोसवर एका रुग्णाच्या हातांच्या बोटांना बधिरपणा आला. तो वाढत गेला आणि रुग्णाला स्वतःच्या शर्टाच्या गुंड्या लावता येईनाशा झाल्या. गोळी थांबवण्यात आली. बधिरपणा बरा होईल की नाही, हे अद्याप माहीत नाही.'"

ताराचंद जागीच ताठ झाला. जन्मभर त्याच्या गाठी कोणाला सापडल्या नव्हत्या. ही छापून आली होती. नाव नव्हतं, गाव नव्हतं, पण होती. त्याला वाटलं, काजलनं ते पुन्हा एकदा वाचावं.

गोदूबाईची नजर बाकड्यावरून सरकत आली. ताराचंदच्या शर्टावर थांबली. प्रेमिला त्याच्या बाहीची गुंडी लावत होती, सवयीनं, लपवायचं विसरून. शर्टाची चौथी गुंडी वेगळ्या दोऱ्यानं शिवलेली होती.

"भाऊ," गोदूबाई म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला होता. "तुमी होय तो?"

मुग्धा म्हणाली, "आजी, ते आम्ही सांगू शकत नाही—"

"हाव," ताराचंद म्हणाला. "मीच."

गोदूबाईनं पदर डोक्यावर ओढला. "मी त्या दिवशी लय वंगाळ बोलली."

"ऐकलं मी."

"मंग काहून बोलले नाही काही?"

"तुमचं बी खरंच होतं. नंबर खाल्लाच ना मी."

साक्षीदारानं चष्मा पुसला. मग गोदूबाईनं मुग्धाकडं पाठ करून ताराचंदलाच विचारलं, "खरं सांगजा. गोळीनं काही गुण आला होता?"

"भूक लागली होती," ताराचंद म्हणाला. "दोन वाट्या पाटोडी खाल्ली. गोळीनंच लागली का, ते मले नाही मालूम. बोटं मात्र गोळीनंच गेली."

"पुन्हा देतो म्हणतीन तं घेसान?"

ताराचंदनं प्रेमिलाकडं पाहिलं. "आत्ता दिली तं आत्ता घेईन."

गोदूबाईनं स्वतःची बोटं पाहिली, पुढून, मागून, मिरची निवडताना पाहावी तशी. "देजा वं बाई कागद," ती मुग्धाला म्हणाली. "अंगठा कुठं लावू?"

"गोदूबाई," ताराचंद पुढं वाकला. "ब्लाउजचा हूक नाही लागला तं त्याच दिवशी सांगजा. दुसऱ्या दिवसाची वाट नका पाहू. आमा मागावाल्यावानी गाठ लपवजा नका."

"मी काहून लपवीन?" गोदूबाई म्हणाली. "मी का मागावर बसली होती? मिरचीवाली हावो मी. झोंबलं का आमी वरडतो."

तिनं अंगठा शाईत दाबला आणि त्या नव्या पानाखाली उमटवला.